माझ्या वाट्याची अर्धी वाईन

माझ्या साडूने मला फसवलं. दुसऱ्या कोणी नाही, माझ्या बायकोच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. आणि तेही कुठे, तर ज्या कुवेतमध्ये मला फसवायला आलेले भलेभले हात हलवत परत गेले तिथे. खेडहून गेलो तेव्हा मी एका गॅरेजात साहेबलोकांच्या गाड्या धूत होतो. तिथून फहाहीलच्या बाजारात जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करून विकण्याच्या स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलो तो कोणाच्या मेहेरबानीवर नाही. समोरचा माणूस खोटं बोलणार आहे हे त्याने तोंड उघडायच्या आत ओळखायचं, एवढ्या एका सवयीवर पोचलो. लेबनीज भंगारवाले, इराणी गालिचेवाले, आमचेच रत्नागिरीकडचे कापडवाले, सगळ्यांशी मी घसा बसेपर्यंत भाव केला आणि सगळ्यांना पुरून उरलो. मला फसवून वर "शेठ, चहा टाकू का?" असं विचारणारा माणूस एकच निघाला, तो म्हणजे साडूभाऊ.

तसे ते सज्जन. हे लिहिताना हात जड होतो, पण आहे ते आहे. मूळचे मिरजेचे, कुवेतमधल्याच जाब्रिया भागातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. वयाने आणि नात्याने थोरले, म्हणून तोंडावर 'तुम्ही' म्हणायचं. मनात मी काय म्हणत असे ते इथे छापता येणार नाही. माणसाची ओळख नावाने होते असं त्यांना कधी वाटलंच नाही. ओळख रक्तगटाने. मंडळाच्या गणपतीत ते माझी ओळख करून देत, "हे आमचे साडू, एबी पॉझिटिव्ह. घ्यायला कोणाचंही चालतं, द्यायला मात्र मोजक्यांनाच." लोक हसत. हा मला टोमणा होता की शास्त्र होतं, हे मला अजून कळलेलं नाही. घरात प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि पट्टीवर अक्षर. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा माझ्या पाण्याच्या पेल्यावर माझं नाव लिहून लावलं होतं. मी विचारलं, "साडूभाऊ, चोरीला जाईल म्हणून?" तर म्हणाले, "नाही शेठ, नमुने मिसळता कामा नयेत." द्राक्षं खायची तर एकेक द्राक्ष उजेडासमोर धरून, आत काही पोहतंय का ते बघून. केळं सोलण्याआधी साबणाने धुवायचं. एकदा मी म्हटलं, साल फेकायचीच आहे की. ते म्हणाले, "पण सोलणारा हात कोणाचा?" आणि माझ्या हाताकडे असं बघितलं की मी जाऊन हात धुऊन आलो.

भाव करणं मात्र त्यांना या जन्मी जमलं नाही. एकदा गालिचा घ्यायला मी त्यांना शुक्रवारच्या बाजारात नेलं. दुकानदाराने आकडा सांगितला, मी तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून चालू लागलो. ही जुनी युक्ती. दुकानदाराने मागून हाक मारेपर्यंत वळायचं नसतं. हाक काही येईना. शेवटी मीच मागे वळून पाहिलं, तर साडूभाऊ दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला समजावत होते, "रागावू नका, ते आत्ता परत येतील. ते नेहमी असंच करतात." गालिचा पुऱ्या किमतीला आला. अशा माणसाला खोटं बोलताच येणार नाही, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे. ज्याला भाव करता येत नाही तो खोटं बोलत नाही, हा माझा हिशेब होता, आणि तिथेच मी आंधळा झालो.

नव्वद साली, उन्हाळा चढत असताना, तेल कंपनीतला एक स्कॉटिश इंजिनीअर कायमचा मायदेशी निघाला. त्याचे फ्रिज मी उचलले. दुकानात आणून उघडतो तर एकात पुठ्ठ्याचं खोकं. आत एक मोठा काचेचा बुधला, एक बादली, लांबलचक रबरी नळी, दोन फुगे असलेली वाकडी प्लास्टिकची नळी, पावडरीच्या पुड्या आणि द्राक्षाच्या आटवलेल्या रसाचा मोठा डबा. साडूभाऊ नेमके त्या दिवशी आले होते. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि चष्मा पुसला. मग पुन्हा डोकावले. मग अगदी सहज आवाजात म्हणाले, "हे लॅबचं सामान दिसतंय. शेठ, तुमच्या काही कामाचं नाही. मी घेऊन जातो."

आता एवढं बोलल्यावर मी ते सामान सोडीन? जो माणूस 'तुमच्या कामाचं नाही' म्हणतो, त्याच्या कामाचं ते असतंच असतं. मी खोक्यावर बसलो. म्हटलं, "साडूभाऊ, मी वाचायला कमी शिकलो असेन, पण चष्मा पुसलेला मला समजतो. काय आहे ते सांगा." त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वाईन. घरी वाईन करायचा संच आहे हा."

कुवेतमध्ये दारूचा थेंब सापडला तर आधी कोठडी आणि मग परतीचं विमान. ज्याच्या नावावर तुमचा परवाना असतो तो कफीलही तुम्हाला ओळखत नाही म्हणतो. हे सगळं मला माहीत होतं. मी काही पिणाराही नव्हे. पण गाड्या धूत होतो तेव्हा साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात संध्याकाळी मंडळी बसलेली दिसायची. हातात उंच देठाचे पेले, त्यांत फिकट सोनेरी काहीतरी, आणि कोणालाच कसली घाई नाही. मला त्या पेल्याचं काही नव्हतं. मला ते घाई नसणं हवं होतं. एकदा तरी आपल्या माणसाशेजारी, बरोबरीच्या खुर्चीत असं बसायचं, हे माझ्या मनात होतं. साडूभाऊंना यातलं अक्षरही सांगितलं नाही. गरज दाखवली की भाव चढतो. मी फक्त म्हटलं, "अर्धी माझी." ते म्हणाले, "करणार मी, अक्कल माझी." मी म्हटलं, "संच माझा, साखर माझी, आणि पकडले गेलो तर मान दोघांची." अर्धी-अर्धी ठरली. हातावर हात मारला.

माझं घर दुकानाच्या वर, दिवसभर मेकॅनिकांची ये-जा. म्हणून बुधला जाब्रियाला, त्यांच्या फ्लॅटच्या सामानाच्या खोलीत बसवायचं ठरलं. थंडावा हवा म्हणून दुकानातला चांगला एसी मी तिथे लावून दिला. वाईन करायच्या दिवशी त्यांनी मला आंघोळ करून यायला सांगितलं. आल्यावर पुन्हा करायला लावली. मग पांढरे कोट चढवून आम्ही आत शिरलो. बुधला उकळत्या पाण्याने, नळ्या उकळत्या पाण्यात, चमचा उकळून, बुचं उकळून. मी उभा राहिलो तर मलाही उकळतील अशी भीती वाटली. साखर ढवळायचं काम माझ्याकडे. मी शिंकलो तर मला बाहेर काढलं. रसाची घनता मोजायची काचेची कांडी येताना फुटली होती, म्हणून त्यांनी लॅबमधली आणली. मी विचारलं, "लॅबमध्ये हिने काय मोजता?" ते म्हणाले, "लघवी." मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "नवी कोरी आहे शेठ! आईशपथ!" म्हणाले खरे, पण पुढे कितीतरी दिवस मला त्या कांडीचा संशय राहिला, आणि खरं सांगायचं तर आजही आहे.

यीस्टची पुडी पडली आणि बुधल्यात जीव आला. त्या वाकड्या नळीतून गुडगुड सुरू झाली. साडूभाऊ तिच्यासमोर पाटावर बसून राहत. हॉस्पिटलातून एक स्टेथोस्कोप आणला आणि बुधल्याच्या पोटाला लावून डोळे मिटून ऐकत. फोनवर उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून बुधल्याला आम्ही पेशंट म्हणायचं ठरवलं. मी दुकानातून फोन करायचा, "पेशंट कसा आहे?" तिकडून गंभीर आवाज येई, "गॅसेस फार आहेत. पण लक्षण चांगलं आहे." माझ्या बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. हे बोलणं चार-पाच वेळा ऐकल्यावर तिने एक दिवस मऊ खिचडीचा डबा भरला आणि म्हणाली, "बिचारा परदेशात एकटा पडलाय वाटतं. गाडी काढा, देऊन येऊ." तेव्हा सांगावंच लागलं. ती डबा बंद करून म्हणाली, "दोघंही जेलात जा. खिचडी तिथे आणून देईन."

खरी पंचाईत वासाची झाली. आंबूस वास जिन्यात उतरला. इमारतीचा राखणदार इजिप्शियन, अंगाने दांडगा, नाकाने तिखट. त्याने दारात येऊन विचारलं, "या दुक्तोर, अहो डॉक्टर, हा कसला वास?" साडूभाऊंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की आमच्यात तांदूळ आणि डाळ वाटून, आंबवून भाकरी करतात, तिचं पीठ आहे. ज्याला भाव करता येत नाही तो इतकं सफाईने बोलला, हे ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. राखणदार म्हणाला, बघू तुमची भाकरी. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, घाईघाईने पीठ भिजवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला आंबोळ्या आणि चटणी पाठवली. त्या त्याला इतक्या आवडल्या की वास कमी झाला की तो स्वतःच विचारायला येऊ लागला, "काय दुक्तोर, या आठवड्यात भाकरी नाही?" ताई आंबोळ्या घालून घालून कावल्या. तव्यासमोरून त्यांचा आवाज येई, "तुमची ती दारू, आणि हात मात्र माझा भाजतो!"

बुधल्यातली वाईन हळूहळू निवळत गेली, आणि कमीही होत गेली. हे माझ्या नजरेतून कसं सुटणार? मी एक दिवस गुपचूप बाहेरून पट्टी लावून खूण केली. पुढच्या खेपेला बघतो तर पातळी खुणेच्या खाली. मी विचारलं, "ही कुठे गेली?" "गाळ तळाशी बसतो शेठ. वरचं नळीने दुसरीकडे काढून घ्यायचं आणि गाळ टाकून द्यायचा. त्यात थोडी घट येते." ठीक. पुढच्या खेपेला आणखी खाली. "आता?" "नमुना घेतला. तपासायला लागतो." "तपासून झाल्यावर परत ओतला का?" "तपासलेला नमुना परत टाकत नाहीत. नियम आहे." "मग कुठे टाकला?" यावर साडूभाऊ चष्मा पुसू लागले. नमुने नेमके सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच घेतले जातात, हे मी लक्षात ठेवलं होतं. मी म्हटलं, पुढचा नमुना मी तपासतो. ते म्हणाले, "कच्ची आहे. पोट बिघडेल. तयार झाली की दोघं मिळून उघडू, शब्द देतो." ताई म्हणायच्या, ते जिभेवर घेऊन बेसिनमध्ये थुंकतात. ताई त्यांच्या बायको. त्यांची साक्ष मी धरली नाही.

आणि मग ऑगस्टात इराकी फौजा आल्या. माझं दुकान पहिल्याच आठवड्यात गेलं. लॉऱ्या लावून एसी, फ्रिज, हत्यारं, गल्ल्यावरचा पंखासुद्धा नेला. मी समोरच्या फुटपाथवरून ते बघितलं. भाव करायला समोर कोणी नव्हतं, बंदूक होती. कपड्यांच्या बॅगा घेऊन आम्ही जाब्रियाला साडूभाऊंकडे राहायला गेलो. दोन कुटुंबं एका फ्लॅटमध्ये, खबूससाठी, म्हणजे तिथल्या रोटीसाठी, पहाटेपासून रांगा, खिडक्यांना पडदे. एकच समाधान होतं की आता बुधला माझ्या डोळ्यांसमोर होता. मी गादी त्याच खोलीच्या दाराशी टाकली. साडूभाऊ म्हणाले, "शेठ, आत हवा येते." मी म्हटलं, "मला इथेच झोप लागते."

एक दिवस सैनिक झडतीला आले. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे. एकाने सामानाच्या खोलीचं दार उघडलं, बुधला पाहिला आणि बंदुकीच्या टोकाने दाखवून विचारलं, हे काय? साडूभाऊ हॉस्पिटलात जायला निघालेले, अंगात पांढरा कोट. ते शांतपणे पुढे झाले आणि बुधल्यावरची चिकटपट्टी त्याच्याकडे वळवली. तीवर त्यांनी कधी कोण जाणे, अरबीत लिहून ठेवलं होतं: लघवी, रुग्ण काविळीचा, संसर्गजन्य. मग ती कांडी उचलून त्याच्यासमोर धरली, जणू आता तुझ्यादेखत मोजून दाखवतो. तो पोरगेला सैनिक असा मागे सरला की मागच्यावर आदळला. दोघंही हात गणवेशाला पुसत जिना उतरले. दार लागलं आणि आम्ही सगळे खाली बसलो. कोणी हसत होतं, ताई रडत होत्या, त्यांची इंग्रजी शाळेतली मुलगी म्हणत होती, "बाबाज् पेशंट सेव्हड् अस!"

मी म्हटलं, "साडूभाऊ, बस झालं. आजच उघडा. उद्या कोण येईल, कोणाला वाचता येत नसेल, काय भरवसा?" ते म्हणाले, "अजून थोडी राहू दे." मी भडकलो. जे इतके दिवस मनात होतं ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, "तुम्हाला ती मला द्यायचीच नाही. गाड्या धुणाऱ्याला काय कळणार तिच्यातलं, असंच ना?" त्यांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "असं कधी माझ्या मनात आलं नाही, शेठ." आणि हॉस्पिटलात निघून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या लॅबवरही लॉरी आली, एवढं ते जेवताना बोलले. यंत्रं नेली, काचसामान नेलं, निम्मा स्टाफ आधीच पळालेला. मग एका दुपारी मी खबूसच्या रांगेतून परत आलो तो बुधल्याला पोतं गुंडाळलेलं, सुतळीने आवळलेलं, आणि पोत्यावर पट्टी: हात लावू नये. "उजेड लागला तर रंग उतरतो," साडूभाऊ म्हणाले, "आता शेवटचा टप्पा आहे." मला संशय आला. का येणार नाही? ते बाहेर गेल्यावर मी पोत्यावर टिचकी मारून पाहिली. काचेसारखा आवाज येईना. संध्याकाळी म्हटलं, "बुधला वाजत नाही." ते म्हणाले, "भरलेलं भांडं वाजतं का कधी?" आणि मला, ज्याने आयुष्य डबे आणि कॉम्प्रेसर वाजवून बघण्यात घालवलं त्याला, ते पटलं! पुढे रोज ते पोत्याला स्टेथोस्कोप लावून बसत आणि उठून सांगत, "पेशंट शांत आहे. गॅसेस थांबले. आता विश्रांती." मी मान डोलवत असे.

सप्टेंबरात बायका-मुलांना बाहेर काढायचं ठरलं. बगदादवरून अम्मानपर्यंत बसने, तिथून विमान. आमच्या सगळ्यांच्या जागा झाल्या. ताईंनी बॅग भरली आणि साडूभाऊंचे कपडेही त्यात घातले. त्यांनी ते एकेक करून बाहेर काढले. म्हणाले, "मी मागून येतो." ताई म्हणाल्या, "मग मीही मागून येते." त्या तिथेच बसल्या. माझी बायको बहिणीशिवाय हलेना. बसची वेळ होत आली, दोन बायका जमिनीवर बसलेल्या, मुलं दारात उभी. मी ओरडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. ताई एकच विचारत होत्या, "का थांबताय ते सांगा. हॉस्पिटलचं काय असेल ते खरं सांगा." आणि तेव्हा साडूभाऊ, मान खाली घालून, शरमल्यासारखे म्हणाले, "हॉस्पिटलचं नाही ग. ती वाईन... एवढी मेहनत केली, आता पंधरवड्यात बाटल्या भरायच्या. अशी कशी टाकून येऊ?"

ताई उठल्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "दारूसाठी? पोरांना सोडून तुम्ही त्या बुधल्यासाठी थांबताय?" साडूभाऊ चष्मा पुसू लागले. "बसा मग तिच्याजवळ! तिच्याशीच संसार करा!" बॅग उचलली, मुलांचे हात धरले आणि मागे वळूनसुद्धा न बघता जिना उतरल्या. माझी बायको त्यांच्यामागे. मी दारात थांबून म्हटलं, "लाज वाटू द्या, साडूभाऊ." ते म्हणाले, "सांभाळून न्या सगळ्यांना, शेठ. तुमचा वाटा ठेवतो." वाळवंटातून जाणाऱ्या त्या बसमध्ये, पाणी संपलेलं, मुलं पेंगलेली, मी आणि ताई सबंध वाटभर त्यांना शिव्या घालत होतो. शिव्या घालता घालता सीमा ओलांडली. रडायला कोणाला सवड झाली नाही.

युद्ध संपल्यावर कधीतरी ते मिरजेला परत आले. निम्मे झालेले, दाढी पांढरी. ताईंनी दारातच विचारलं, "झाली का वाईन?" ते म्हणाले, "बिघडली. ओतून दिली." बस, एवढंच. तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत लग्न असो, बारसं असो, पन्ह्याचा पेला पुढे करताना कोणीतरी म्हणतंच, "आधी यांना द्या, यांनी पोरं सोडली होती पेल्यासाठी." आणि साडूभाऊ हसून पेला घेतात.

मी मात्र एक्याण्णव सालीच कुवेतला परत गेलो. दुकान पुन्हा उभं करायचं होतं. आकाश काळं, तेलाच्या विहिरी जळत होत्या, कपडे वाळत घातले तर तेलाचे ठिपके पडत. जाब्रियाला साडूभाऊंच्याच हॉस्पिटलात एसी बसवायचं काम मिळालं, तिथे एक मल्याळी सिस्टर भेटली. माझं मराठी वळणाचं हिंदी ऐकून म्हणाली, "आप लॅबवाले भाईसाब का रिश्तेदार है क्या?" मी म्हटलं, हो, दुर्दैवाने. ती हसली नाही. म्हणाली, "वो बड़ा काच का बॉटल आपका था ना? वो दिया तो हमारा काम चला. सब लेके गया था वो लोग. उसमें हम साफ पानी बनाके रखता था, लॅब का, सबका. नली भी दिया. खून का काम वो अकेला करता था, लास्ट तक." मी विचारलं, कधी दिला बुधला? ती म्हणाली, "ऑगस्ट में ही. खाली करके, धोके लाया था. आप लोग तब इधर ही था."

मी एसीचा स्क्रू हातात घेऊन शिडीवर तसाच उभा राहिलो. म्हणजे पोत्यात काय होतं? स्वयंपाकघरातून त्याच सुमारास गायब झालेलं पाण्याचं प्लास्टिकचं पिंप! आणि हा गृहस्थ रोज त्या पिंपाला स्टेथोस्कोप लावून मला गॅसेसची बातमी देत होता!

सुट्टीत मिरजेला गेलो. ताई बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमची सिस्टर भेटली." ते काकडी कोचवत होते, हात थांबला. "बरी आहे का ती?" "बरी आहे. मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही भाव केला असता, शेठ." "केला असता! का नाही करणार? अर्धी माझी होती!" "तेवढा वेळ नव्हता," ते म्हणाले आणि पुन्हा काकडी कोचवू लागले. मग म्हणाले, "हिला सांगू नका. रागावलेली आहे, तर रागावलेली राहू दे. आता कळलं तर मागच्या तारखेने घाबरेल." मी 'बरं' म्हटलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मी नुसता उठून बाहेर गेलो होतो. म्हणून हे लिहिलं आहे, आणि ताई हे वाचतील याची तजवीज मी स्वतः करणार आहे.

ती वाईन होती कशी, ते मला कळलं नाही. आता कळणारही नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पुढे परदेशी विमानांत दोनदा घेतली, फुकट दिली तरी घेऊ नये अशी होती. पण साडूभाऊ, तुम्ही मोरीत ओतलीत त्यात अर्धी माझी होती. लॅबला दिलेल्या त्या बुधल्यात अर्धी काच माझी होती. तुम्ही सगळं एकट्याने देऊन टाकलंत आणि मला पोत्याजवळ राखण करायला बसवलंत. मी ओरडलो असतो, तुमच्या सात पिढ्या काढल्या असत्या, संध्याकाळपर्यंत वाद घातला असता, हे सगळं खरं. पण त्यानंतर बुधल्याचं दुसरं टोक धरून जिना उतरलो असतो की नसतो? मी नाहीच म्हणेन, हे तुम्हाला कोणी सांगितलं? चार माणसांत, ताईंच्या समोर, एकदा याचा जाब द्या.